दात पुढे आहेत की जबडा मागे?

गेल्या दिवाळीत ताईची मुलगी फोटोसाठी हसेना. साडेअकरा वर्षांची पोर, ओठ आवळून उभी. शाळेत कुणीतरी काहीतरी म्हणालं असणार. काय ते तिने सांगितलं नाही. मग ताईने तिला घेऊन तीन दवाखाने पालथे घातले. पहिल्या ठिकाणी सांगितलं, "घाई नाही, दहावी होऊ दे, मग चार दात काढून तार लावू." दुसरीकडे म्हणाले, "आत्ताच ब्लॉक लावा, नंतर उपयोग नाही." (ब्लॉक म्हणजे खालचा जबडा पुढे आणणारं उपकरण.) तिसरीकडे भिंतीवरच्या टीव्हीवर दातांवर चढवायच्या पारदर्शक साच्यांची जाहिरात चालू होती. तिथे दात काढायचे नव्हते, तारही लावायची नव्हती, पण रक्कम ऐकून ताई उठूनच आली. घरी आल्यावर माझ्या आईने चौथा सल्ला दिला, तोही फुकटात: "आपल्या घराण्यातच आहेत तसे दात. माझं कुठे काय अडलं?"

ताईने मग मला फोन केला. मी आरोग्यावर लिहिते, त्यामुळे मला सगळं ठाऊक असतं असा घरच्यांचा समज आहे. ठाऊक नव्हतं. वाचलं आणि दोन ऑर्थोडॉन्टिस्टांना भंडावून सोडलं. ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे दातांची आणि जबड्यांची ठेवण सुधारणारे डॉक्टर, बीडीएसनंतर आणखी तीन वर्षं याच विषयात एमडीएस केलेले. त्यांच्याकडून कळलेली पहिली गोष्ट अशी, की "दात पुढे आहेत" ही नुसती तक्रार झाली, "पोटात दुखतंय" यासारखी. पोट कशाने दुखतंय हे न बघता कुणी गोळी दिली तर आपण डॉक्टर बदलतो. दातांच्या बाबतीत मात्र आपण स्वतःच थेट विचारतो, "तार बसवायची की साचे?"

## आधी शाळेची पट्टी आणा

मागच्या दाढा नेहमीसारख्या एकमेकींवर टेकवून तोंड मिटा आणि ओठ बाजूला करा. वरच्या पटाशीच्या दातांची कड खालच्या दातांच्या पुढच्या पृष्ठभागापासून किती पुढे आहे? या आडव्या अंतराला ओव्हरजेट म्हणतात. दोन-तीन मिलिमीटर असणं अगदी सामान्य. वरचे दात थोडे पुढे असायलाच हवेत, नाहीतर चावताना कात्रीसारखं काम होणार नाही.

पाच-सहाच्या पुढे गेलं की ते नजरेत भरतं, ओठ मिटायला कष्ट पडतात. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा हे उपचार कुणाला मोफत द्यायचे ते ठरवताना हेच अंतर मोजते. अठरा वर्षांखालच्या मुलाचं अंतर ६ मिलिमीटरहून जास्त असेल तर ते त्यात बसतं. तिकडे राहणाऱ्या मराठी आईबापांनी खासगी दवाखान्याचा रस्ता धरण्याआधी एवढं जरूर विचारावं. आपल्याकडे अशी रेघ कुणी आखलेली नाही, म्हणून हा आकडा डोक्यात असलेला बरा.

भाचीचं अंतर ९ निघालं.

दिसण्यापलीकडे या अंतराला एक अगदी व्यावहारिक अर्थ आहे. मूल सायकलवरून पडलं, कबड्डीत तोंडावर आपटलं, तर आधी जमिनीला लागतात ते पुढे असलेले दात. हे अंतर ३ मिलिमीटरच्या वर असलेल्या मुलांना पुढच्या दातांना इजा होण्याचा धोका जवळपास दुप्पट असतो, हे अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या मोजणीत दिसलं आहे. ओठ मिटत नसतील तर मधली गादीही नसते.

## नक्की कोण जागेवर नाही?

आता खरा प्रश्न. वरचे दात पुढे दिसतात, पण चुकलेलं कोण आहे?

एक शक्यता अशी, की जबडे ठीक आहेत, फक्त वरचे दात पुढे कललेले आहेत. वर्षानुवर्षं अंगठा चोखणं, गिळताना जीभ दातांमध्ये ढकलणं ही त्याची ओळखीची कारणं. दुसरी शक्यता: दात आपल्या हाडात सरळच उभे आहेत, पण खालचा जबडा मागे राहिलाय. बाजूने पाहिलं तर हनुवटी आत गेलेली दिसते. वरचा जबडाच पुढे आला असेल असंही होतं, आणि काहींचे वरचे-खालचे दोन्हीकडचे दात पुढे असतात. त्यांच्यात पट्टीवरचं अंतर सामान्य येतं, तरी ओठ फुगीर दिसतात. बहुतेकांमध्ये यांची भेसळ असते. घराणं म्हणाल तर आई चुकीची नाही. जबड्याची ठेवण बऱ्याच अंशी वारशानेच येते.

सुरुवात कशानेही होवो, एकदा अंतर वाढलं की खालचा ओठ गोंधळ आणखी वाढवतो. तो वरच्या दातांच्या पुढे राहण्याऐवजी त्यांच्या मागे जाऊन बसतो आणि दर गिळण्याबरोबर त्यांना बाहेर रेटतो. कुंपणच आतून ढकलायला लागावं तसं.

मूल तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल, तर दातांच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाकामागच्या गाठी, म्हणजे एडेनॉइड, वाढलेल्या असल्या तर नाकाने श्वासच नीट घेता येत नाही, आणि जिभेची-ओठांची ठेवण बदलते. ते कारण तसंच ठेवून दातांवर खर्च करणं म्हणजे गळका नळ सोडून फरशी पुसणं.

दात की जबडा, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी डोक्याचा बाजूने एक क्ष-किरण फोटो काढतात, सेफॅलोग्राम. १९३१ पासून ही पद्धत रूढ आहे. त्यावर रेषा मारून कोन मोजतात. पण इथे एक सावधगिरी हवी. या कोनांचे जुने "आदर्श" आकडे अमेरिकेतल्या गोऱ्या चेहऱ्यांवरून ठरलेले आहेत. आपल्याकडे ओठ आणि दात थोडे भरीव असणं हेच अनेक कुटुंबांत नैसर्गिक आहे. त्यामुळे "तुमचा कोन चार अंशांनी जास्त आहे" एवढ्याने घाबरायचं कारण नाही.

ताईला भेटलेल्या तिघांपैकी हा फोटो एकानेच काढून घेतला होता.

## हाडातला दात हलतो तरी कसा?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. जुन्या बाजेची चौकट आणि तिच्यात विणलेला सुंभ आठवा. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये असेच बारीक तंतू विणलेले असतात, आणि दात त्यांवर टांगलेला असतो. ही जागा जेमतेम पाव मिलिमीटर रुंद असते.

तारेने दात हलकेच मागे ओढला की मागच्या बाजूचे तंतू दाबले जातात, पुढचे ताणले जातात. दाबाच्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात, ताणाच्या बाजूला हाड बांधणाऱ्या. म्हणजे एकीकडे भिंत पाडायची, दुसरीकडे बांधायची, आणि दात मधून सरकत राहतो. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. जोर वाढवून वेग वाढत नाही. उलट तिथला रक्तपुरवठा दबतो, काम थांबतं आणि दुखणं वाढतं. म्हणूनच "सहा महिन्यांत करून द्या ना" या विनंतीला चांगला डॉक्टर मान डोलावत नाही.

दुसरी गंमत वेळेची. दाताला हलवायला मोठं बळ लागत नाही, पण ते रोज कित्येक तास सलग मिळावं लागतं. दिवसभरात हजारदा चावतो तो जोर प्रचंड असतो, तरी दात जागचा हलत नाही, कारण तो क्षणभराचाच असतो. रात्रभर तोंडात राहणारा अंगठा मात्र दात पुढे आणतो. रोज सकाळी आंघोळीआधी दात बोटाने आत दाबण्याचा घरगुती उपाय का लागू पडत नाही, हे यातच आलं. पाच मिनिटं दाबाल, पण खालचा ओठ उरलेला दिवस रेटत असतो.

## "दहावी झाली की बघू"

आपल्या घरांत उपचारांचं वेळापत्रक बोर्डाच्या परीक्षेवर ठरतं. चष्मा लगेच मिळतो, दात मात्र दहावीनंतर. ज्याचे फक्त दात कललेले आहेत त्याचं यात फारसं बिघडत नाही. पण ज्याचा खालचा जबडा मागे राहिलाय, त्याच्यासाठी दहावी म्हणजे गाडी गेल्यावर स्टेशनवर पोचणं.

कारण जबडा उंचीबरोबर वाढतो. वयात येताना उंची झपकन वाढते, तेव्हा खालचा जबडाही जोमात वाढत असतो. मुलींमध्ये हा काळ साधारण दहा ते बारा-साडेबारा, मुलांमध्ये बारा ते चौदा-पंधरा. पाळी सुरू होईपर्यंत मुलींचा सर्वांत वेगाचा काळ बहुधा मागे पडलेला असतो. नेमकं कुठे आहोत ते जन्मतारखेवरून कळत नाही. त्याच सेफॅलोग्राममध्ये मानेच्या मणक्यांचा आकार दिसतो आणि डॉक्टर त्यावरून वाढ किती उरली आहे याचा अंदाज घेतात.

या काळात जे उपकरण लावतात त्यात सर्वांत माहितीतलं म्हणजे ट्विन ब्लॉक. स्कॉटलंडमधल्या विल्यम क्लार्क यांनी ते १९७७ मध्ये तयार केलं. वर एक प्लेट, खाली एक प्लेट, दोन्हींवर उतरते ठोकळे. तोंड मिटलं की ठोकळ्यांचे उतार एकमेकांवर घसरतात आणि खालचा जबडा पुढे आणूनच बसवावा लागतो. मूल ते जवळजवळ दिवसभर वापरतं, नऊ-दहा महिने. सुरुवातीचे आठ दिवस "स" चा "श" होतो आणि लाळ गळते. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट नाही.

याने जबडा "वाढतो" असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. खरं चित्र थोडं साधं आहे. चाचण्यांमध्ये दिसतं ते असं, की अंतर नक्की कमी होतं, पण त्यातला मोठा वाटा दात कलण्याचा असतो आणि जबड्याचा वाटा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. तरीही वाढीच्या काळात हे काम सोपं जातं, पुढे दात काढायची वेळ टळू शकते. म्हणून दुसऱ्या दवाखान्याचा "नंतर उपयोग नाही" हा सूर जरा चढा असला तरी दिशा चूक नव्हती.

मग सातव्या-आठव्या वर्षीच का लावू नये? त्यावरही चांगल्या प्रतीचे अभ्यास झालेत. इतक्या लवकर सुरू करून पुन्हा किशोरवयात दुसरा टप्पा करणाऱ्या मुलांना, एकदाच किशोरवयात उपचार घेणाऱ्यांपेक्षा एकच ठळक फायदा दिसला: मधल्या काळात पुढच्या दातांना इजा कमी झाल्या. बाकी शेवट सारखाच. म्हणजे मूल फार धडपडं असेल, अंतर खूपच मोठं असेल, कुणी चिडवून त्याचं शाळेत जाणं अवघड केलं असेल तर लवकर. एरवी दोनदा खर्च करण्यात अर्थ नाही.

आणि सात-आठ वर्षांच्या मुलाच्या वरच्या दोन दातांत फट दिसते, दात बाहेर फाकलेले वाटतात, त्याने लगेच हबकू नका. सुळे यायचे असतात. ते उतरले की पुष्कळदा फट आपोआप मिटते.

## चांगले दात का काढायचे?

हा प्रश्न प्रत्येक आई विचारते आणि विचारायलाच हवा. किडलेला दात काढणं समजतं; हा तर ठणठणीत.

मुंबईच्या लोकलची सीट डोळ्यांसमोर आणा. तिघांची जागा, चौथा माणूस अर्धा टेकलेला, एक पाय मार्गिकेत. त्याला "नीट मागे सरकून बस" म्हणून चालेल का? मागे जागाच नाही. वरच्या दातांची कमान हीच ती सीट. पुढचे सहा दात मागे न्यायचे तर लहान कमानीत बसवावे लागणार, आणि त्यासाठी कुणीतरी उठायला हवं. योगायोग असा की उठवतात तोही चौथाच: मधल्या रेषेपासून मोजलेला चौथा दात, पहिली उपदाढ. ती साधारण सात मिलिमीटर रुंद असते. दोन्ही बाजूंच्या काढल्या की पुढच्या दातांना मागे यायला जागा होते. ती निवडतात कारण ती अगदी पुढच्या दातांत मोडत नाही आणि चावण्याचं मुख्य काम तिच्या मागच्या दाढा करतात.

हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. या शास्त्राचा पाया घालणारे अमेरिकेतले एडवर्ड अँगल, ज्यांनी १८९९ मध्ये मांडलेलं वर्गीकरण आजही वापरतात, ते दात काढण्याच्या कट्टर विरोधात होते. निसर्गाने दिलेले सगळे दात नीट बसवता आलेच पाहिजेत, असं त्यांचं मत. १९११ मध्ये तिथलेच दंतवैद्य कॅल्विन केस यांनी त्याला उघड विरोध केला आणि जोरदार खडाजंगी झाली. त्या वेळी सरशी अँगलच्या पक्षाची झाली. पुढे त्यांचेच एक शिष्य, अ‍ॅरिझोनातले चार्ल्स ट्वीड, आपल्याच जुन्या रुग्णांना बघून अस्वस्थ झाले. दात पुन्हा पुढे आले होते, ओठ मिटत नव्हते. ट्वीड यांनी अशा अनेकांचे दात काढून पुन्हा उपचार केले आणि १९४० मध्ये दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून दाखवले. गुरूच्या विरोधात जायला लागणारं धैर्य सोडा, स्वतःचं काम फसलं हे चारचौघांत मांडायला किती डॉक्टर तयार होतील?

आज कुणी "मी कधीच दात काढत नाही" अशी जाहिरात करत असेल किंवा प्रत्येकाचे चार दात काढत असेल, तर दोघांपासूनही दूर राहा. जागा किती लागते ते मोजून ठरतं. कमी लागत असेल तर दातांच्या कडा केसभर घासून किंवा कमान थोडी रुंद करूनही भागतं.

जागा मिळाली म्हणून काम झालं असंही नाही. रस्सीखेच आठवा. पुढचे दात मागे ओढायला आपण मागच्या दाढांचा आधार घेतो, तेव्हा दाढाही पुढे ओढल्या जातात. सात मिलिमीटरपैकी तीन दाढांनी खाल्ले तर पुढच्या दातांना चारच उरले, आणि दात काढूनही तोंड तसंच, ही तक्रार इथून येते. त्यावर उपाय म्हणून हल्ली हाडात दीड-दोन मिलिमीटर जाडीचा बारीक स्क्रू बसवतात आणि ओढ त्याला बांधतात. रस्सी झाडाला बांधल्यासारखं. काम झालं की स्क्रू काढून टाकतात. ऐकायला भीतीदायक, पण जागा थोडी बधिर केली की पुरतं.

"वरचा दात काढला की डोळे अधू होतात" ही भीती गावात अजून आहे. दातांची संवेदना नेणारी नस आणि दृष्टीची नस वेगळ्या आहेत. दात काढून नजर जात नाही. हल्ली इंटरनेटवर नवी भीती आहे, की दात काढल्याने श्वासाची वाट अरुंद होऊन झोपेत श्वास अडकतो. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने २०१९ मध्ये उपलब्ध पुरावे तपासले, त्यांत याला आधार मिळाला नाही.

## तार की पारदर्शक साचे?

दुकानात शिरल्यासारखा हा प्रश्न आपण आधी विचारतो, म्हणून मुद्दाम उशिरा घेतला.

तार, म्हणजे ब्रेसेस, दातावर चिकटवलेल्या छोट्या चौकोनी कड्यांतून जाते. ती दाताची नुसती वरची कड मागे नेत नाही, मुळासकट सरकवू शकते. हा फरक महत्त्वाचा आहे. चिखलात रोवलेल्या खांबाला वरून ढकललं तर तो कलतो. सरळ उभा ठेवून सरकवायचा तर खालूनही धरावा लागतो. आपण "क्लिप" म्हणतो ती काढ-घाल करायची साधी प्लेट फक्त कलवते. थोडे फाकलेले, फटी असलेले दात असतील तर तेवढं पुरतं आणि स्वस्तात होतं. कड्या धातूच्या, दातांच्या रंगाच्या सिरॅमिकच्या किंवा दाताच्या आतल्या बाजूने. काम तेच, पैसे आणि दिसणं वेगळं.

पारदर्शक साचे, म्हणजे अलाइनर, १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या कंपनीने लोकप्रिय केले. संगणकावर दातांचा पूर्ण प्रवास आखतात आणि प्रत्येक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर पुढच्या मुक्कामाला नेतो. दिवसाचे २२ तास घालायचे. जेवताना, घासताना काढायचे. कलंडलेले दात, फटी, थोडी गर्दी यांत ते छान चालतात. पण चौथे दात काढून मोठी जागा मिटवायची असते तिथे दात त्या खड्ड्यात कलंडायला बघतात, आणि साच्याची पकड तारेइतकी नसते. अनुभवी हातांत तेही जमतं. दातांवर छोटे उंचवटे चिकटवावे लागतात, रबर लावावे लागतात, कधी शेवटी तार लावावीच लागते. "तार नको" म्हणून निवडले असतील तर हे आधी विचारा.

आणखी एक: साचा दातावर असेपर्यंतच काम करतो. ज्या मुलाची पाण्याची बाटली आठवड्यातून दोनदा शाळेत राहते, त्याच्यासाठी चिकटवलेली तार बरी.

घरपोच मिळणाऱ्या साच्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. स्माइलडायरेक्टक्लब या अमेरिकी कंपनीने घरी ठसे घ्या, टपालाने पाठवा, साचे मागवा असा मोठा धंदा उभा केला. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली आणि उपचार अर्ध्यावर असलेले लोक तसेच लोंबकळत राहिले. प्रत्यक्ष तोंड बघणारा, क्ष-किरण काढणारा माणूस नसेल तर हिरडीखाली हाड किती आहे ते कोण पाहणार?

तारेचं व्रत मात्र कडक आहे. अठरा ते चोवीस महिने, दर चार-सहा आठवड्यांनी खेप, प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस ठणका. चिक्की, डिंकाचा लाडू, संक्रांतीची कडक वडी, उसाचं कांडं, अख्खा पेरू हे सगळं बंद, किंवा बारीक तुकडे करून. नीट घासलं नाही तर कड्यांभोवती पांढरे डाग उरतात, ते तार काढल्यावरच दिसतात. मुळांची टोकंही थोडी झिजतात. बहुतेकांत ती झीज नगण्य असते.

## वाढ संपली आणि जबडा मागेच राहिला तर?

वीस-बावीसच्या वयात जबड्याचा दोष असेल तर दोनच वाटा. पहिली तडजोडीची: जबडा तसाच ठेवून दात मागे घ्यायचे, म्हणजे अंतर झाकलं जातं. दोष मध्यम असेल तर ही वाट उत्तम. पण खालचा जबडा फारच मागे असेल आणि त्याच्याशी जुळवायला वरचे चांगले दात मागे ओढले, तर दात जुळतात आणि ओठ-नाकाकडचा चेहरा मात्र दबलेला दिसू शकतो.

दुसरी वाट शस्त्रक्रियेची. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी उभा चिरून दोन फळ्या एकमेकींवर सरकवाव्यात तसा पुढे आणतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी जोडतात. ऑस्ट्रियातले ट्राउनर आणि ह्यूगो ओबवेगेसर यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत मांडली. चिरा तोंडाच्या आतून असल्याने बाहेर व्रण नसतो. वाढ थांबल्यावरच, साधारण अठरानंतर, ती करतात.

याबद्दल सहसा कुणी न सांगणारी गोष्ट अशी, की शस्त्रक्रियेआधी कित्येक महिने तार लागते आणि त्या काळात दात आणखी पुढे दिसतात. इतकी वर्षं दातांनी जबड्याच्या दोषाशी जुळवून घेतलेलं असतं. तो बांध आधी मोकळा करावा लागतो. ऐन त्या महिन्यांत कॉलेजचं गॅदरिंग आलं की रुग्ण रडकुंडीला येतात. धोकाही खरा आहे: खालच्या ओठाची संवेदना नेणारी नस त्याच हाडातून जाते, त्यामुळे ओठ-हनुवटी काही महिने बधिर राहू शकते, काहींत थोडी बधिरता कायमची.

## लग्न दोन महिन्यांवर आलंय

अशा वेळी कुणीतरी सुचवतं, पुढचे चार दात घासून त्यांवर कॅप बसवू, आठवड्यात काम. होतं खरं. पण दात जितके पुढे, तितकं जास्त घासावं लागतं. पुष्कळदा आतली नस उघडी पडते आणि चांगल्या दातांचं रूट कॅनाल करावं लागतं. दाताचं वरचं कवच, इनॅमल, बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात. ते एकदा घासलं की परत येत नाही. कॅप मात्र दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते, म्हणजे पंचविसाव्या वर्षी सुरू केलेला खर्च आयुष्यभर. दाताचा तुकडा उडालाय, रंग गेलाय, तिथे कॅप ठीक. सरळ, निरोगी, फक्त पुढे असलेल्या दातांसाठी हा सौदा मला तरी पटत नाही. लग्नात तार असली तर असू दे.

## "आधी नव्हते, आता पुढे आले"

चाळिशी-पन्नाशीत कुणी असं म्हणालं तर तो वेगळाच आजार आहे. हिरड्यांच्या जुनाट दाहाने, ज्याला आपण पायोरिया म्हणतो, मुळांभोवतीचं हाड झिजतं. आधार सुटला की पुढचे दात जिभेच्या-ओठांच्या रेट्याने फाकतात, फटी पडतात. मधुमेह, तंबाखू ही सोबत असली की वेग वाढतो. मिश्री लावणाऱ्या बायकांनी तर हे जास्तच लक्षात ठेवावं. इथे आधी हिरड्यांचे उपचार. झिजत्या हाडावर तार लावणं म्हणजे पायाची माती वाहत असताना भिंतीला प्लास्टर करणं.

हिरड्या निरोगी असतील तर मात्र वयाची अट नाही. साठीतही दात सरकतात, थोडे हळू.

## पुन्हा पुढे येतात म्हणे?

येतात. तार काढली त्या दिवशी हिरडीतले तंतू ताणलेल्या रबरासारखे असतात; त्यांना नव्या जागी स्थिरावायला वर्षभर लागू शकतं. म्हणून रिटेनर: दातांच्या आतून चिकटवलेली बारीक तार किंवा रात्री घालायची प्लेट. पहिले काही महिने दिवसभर, मग रोज रात्री, आणि प्रामाणिक डॉक्टर सांगतात की जोवर दात तसेच हवेत तोवर. अंगठा किंवा जिभेची सवय सुटली नसेल तर रिटेनर असूनही भांडण चालू राहतं. प्लेटा हरवतात कुठे विचाराल तर जेवणाच्या टेबलावर, कागदी रुमालात गुंडाळून, आणि मग कचऱ्यात.

खर्चाचं म्हणाल तर खासगीत शहरागणिक आणि डॉक्टरागणिक आकडे बदलतात. धातूची तार सर्वांत स्वस्त, अलाइनर कित्येक पट महाग. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे हेच काम फार कमी पैशांत होतं. एमडीएसचे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली करतात. रांग असते, खेपा जास्त होतात, पण एका रुग्णावर चार डोळे जास्त असतात.

आणि काहीच केलं नाही तर? अंतर चार-पाचचं आहे, ओठ मिटतात, चावता येतं, आणि त्या माणसाला स्वतःला काही खटकत नाही, तर काहीच होत नाही. त्याला आरशासमोर नेऊन खटकायला लावणं हे आपलं काम नव्हे.

भाचीच्या सेफॅलोग्राममध्ये खालचा जबडा मागे निघाला, मानेचे मणके म्हणाले वाढ बाकी आहे. ब्लॉक लागला. पहिला आठवडा ती "शाळा" सोडून दुसरा शब्द स्पष्ट बोलेना, दोनदा डबीतच विसरली, एकदा कुत्र्याच्या तोंडातून सोडवला. चार महिन्यांनी पट्टीवर ६ आलंय. तार पुढे लागेलच, दात काढायचे की नाही ते तेव्हा मोजून ठरवू असं डॉक्टर म्हणाले.

पट्टी बघून आईने स्वतःचेही दात मोजायला सांगितले. लग्नातल्या फोटोत तिचे दात थोडेच पुढे आहेत. आता मध्ये चांगली फट आहे, आणि वरचा एक बोट लावलं की हलतो. माझं कुठे काय अडलं म्हणणारी बाई पुढच्या गुरुवारी हिरड्यांच्या डॉक्टरांकडे चालली आहे.